गोल घुमटाच्या फोटोत ‘पोकळी’ कशी उतरवावी?

प्रश्न – होटगीरोडकर
नमस्कार. मी सोलापूरचा. गेल्या वर्षभरात तीनदा विजापूरला जाऊन मी गोल घुमटाचे दोनेकशे फोटो काढले. पण मधोमध घुमट, चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे, पुढे हिरवळ, यापलीकडे त्यांतला एकही जात नाही. मला दाखवायचे आहे ते निराळे. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि येथेच दफन झाला. त्यानंतर अवघ्या तीस वर्षांत, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले आणि ती सल्तनत संपली. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट तेवढा मागे उरला. ही पोकळी फोटोत कशी आणावी? माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची साधी किट लेन्स आणि मोबाइल आहे.

उत्तर – काळा_पाषाण
लेन्स पुरेशी आहे. इमारतीचे तोंड दक्षिणेला असल्यामुळे हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळचे ऊन दर्शनी भिंतीवर तिरपे येते आणि छज्ज्याखालच्या कोरीव ब्रॅकेटांच्या सावल्या लांबतात. आपण भर दुपारी गेला असाल, तर तेच बांधकाम सपाट दिसले असणार. दुसरे म्हणजे, दगड काळसर बेसाल्टचा आहे. फ्रेममध्ये भिंतच भरली की कॅमेरा तिला उजळ राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्मा, घ्यावे. मोबाइलवरचे एचडीआर (गडद भाग उजळवून उजेड-सावली समतोल करणारी सोय) मात्र आठवणीने बंद करावे, कारण आपल्याला हवा असलेला काळोखच ते उपसून काढते. सूर्यास्तासमोरची काळी आकृती टाळावी, असे माझे मत आहे. ती कोणत्याही घुमटाची काढली तरी सारखीच दिसते.

उत्तर – पहाटेची_गाडी
बाहेर पोकळी शोधू नका, ती आत आहे. एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही, आणि मधल्या चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या प्रतीकात्मक कबरी आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. मनोऱ्यातल्या जिन्याने घुमटाच्या पायथ्याच्या सज्जात चढून खाली पाहिले की, कबरीवरचा लाकडी मंडप खेळण्यातल्या डबीएवढा दिसतो. त्या चौथऱ्याजवळून एखादा माणूस जाईपर्यंत थांबावे आणि त्याला फ्रेमच्या कडेला ठेवावे, म्हणजे उरलेली जागा आपोआप बोलू लागते. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० च्या आसपास ठेवून कॅमेरा कठड्यावर टेकवावा, पट्टा मात्र गळ्यातून काढू नये. दरवाजे उघडताच पोहोचा. नंतर प्रतिध्वनी ऐकण्यासाठी जी आरडाओरड सुरू होते, तिच्यात शांततेचा फोटो काढण्याइतके मन स्थिर राहत नाही, हा स्वानुभव आहे.

उत्तर – बुरूज
वरील सूचना उपयुक्त आहेत, पण मूळ कल्पनेविषयी मला शंका आहे. १६८६ हे साल आपल्या डोक्यात आहे, दगडात नाही. फोटो पाहणाऱ्याला ते फोटोखालच्या ओळीत सांगावे लागणार असेल, तर अर्थ ओळीने दिला, फोटोने नव्हे. शिवाय आपण मराठी माणसे अफझलखानाची स्वारी मनात घेऊनच विजापुरात शिरतो आणि जे पाहू त्यात ऱ्हासच शोधतो. गोल घुमट पाहून मला तरी पोकळीपेक्षा बांधणाऱ्यांचा आत्मविश्वास अधिक जाणवतो.

अपुरेपणच हवे असेल, तर त्याच गावातल्या बारा कमानीकडे जावे. ती मुहम्मद आदिलशहाच्या मुलाची, दुसऱ्या अली आदिलशहाची कबर. १६५९ मध्ये अफझलखानाला पाठवले गेले ते याच्याच राज्यात. १६७२ मध्ये तो वारला आणि बांधकाम तसेच अर्धवट राहिले. छप्पर कधी झालेच नाही, नुसत्या काळ्या कमानी उभ्या आहेत आणि छताच्या जागी आभाळ आहे. तेथे फोटोखाली काहीही लिहावे लागत नाही.

होटगीरोडकर
सर्वांचे आभार. बुरूज यांचा आक्षेप मला पटला आहे, थोडा लागलाही आहे. येत्या रविवारी पहाटे निघून आधी सज्जात जाईन आणि उन्हे कलली की बारा कमानीकडे वळेन. बापाच्या कबरीचे भरलेले छत आणि मुलाच्या कबरीचे उघडे आभाळ हे दोन फोटो शेजारी ठेवून, खाली काहीही न लिहिता, येथे टाकतो.