सोसायटी ग्रुप : फॉरवर्ड केलेल्या मेलची प्रत थंडरबर्डमध्ये कुठे ठेवायची?

बी-302 (सेक्रेटरी): मंडळी, ऑडिटसाठी सीए साहेबांनी लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) सगळे मेल मागितलेत. कंपनीचं कोटेशन "लिफ्ट" फोल्डरमध्ये आहे, आपण दिलेलं उत्तरही तिथेच आहे. पण तेच कोटेशन कमिटीला फॉरवर्ड केलं होतं, त्याची प्रत त्या फोल्डरमध्ये नाही. सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड (मेलचा प्रोग्राम), खातं जीमेलचं, आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच राहतात अशी पद्धत). असं का होतं?

सी-201: दादा, ते बरोबरच चाललंय. अकाउंट सेटिंग्जमध्ये "कॉपीज अँड फोल्डर्स" उघडा. तिथे "प्लेस अ कॉपी इन" खाली उत्तरांसाठी एक वेगळी टिक आहे. ज्या मेलला उत्तर दिलं, त्याच्याच फोल्डरमध्ये उत्तराची प्रत ठेवायची, एवढंच तिचं काम. आपल्याकडे ती लावलेली दिसते. ती फॉरवर्डला लागू होत नाही, फॉरवर्डची प्रत नेहमीप्रमाणे सेंटमध्येच (पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये) जाते.

ए-104 (खजिनदार): मूळ मेलसमोर छोटा बाण दिसतोय. म्हणजे फॉरवर्ड झाल्याची नोंद आहे ना? ऑडिटला तेवढं नाही का चालणार?

सी-201: नाही ताई. बाण फक्त मेल पुढे पाठवला एवढंच सांगतो. कोणाला, कधी, वर काय लिहून, यातलं काहीच त्यात नाही. ते सगळं पाठवलेल्या प्रतीतच असतं, म्हणून ती प्रत सांभाळायची.

बी-302 (सेक्रेटरी): मग सगळं सेंटमध्ये आहे, तर तिथेच राहू दे. शोधून घेऊ.

सी-201: तिथे राहू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. आयमॅपमध्ये कॉम्प्युटरवर दिसतो तो सेंट सर्व्हरवरचाच असतो. तीन जणांच्या मोबाइलवर हे खातं उघडं आहे. एकाने मोबाइलवर सेंट साफ केला की ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही मेल जातो. शिवाय जीमेलची 15 जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट मिळून आहे, ती भरत आली की कोणीतरी जुनं उडवतोच. दुसरी प्रत "लोकल फोल्डर्स"मध्ये पाहिजे. ती याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर राहते, मोबाइलवरून तिला हात लागत नाही.

ए-104 (खजिनदार): दर वेळी हाताने कॉपी करणं कोणाच्या लक्षात राहणार?

सी-201: हाताने करायची गरज नाही, फिल्टर लावायचा. आधी लोकल फोल्डर्सवर राइट क्लिक करून नवीन फोल्डर करा, "फॉरवर्ड 2025-26". मग टूल्समधून मेसेज फिल्टर्स. वर "फिल्टर्स फॉर" मध्ये सोसायटीचं जीमेल खातं निवडा आणि "न्यू" दाबा.

त्या खिडकीत वरच्या भागात फिल्टर कधी चालवायचा ते विचारतात. नवीन फिल्टरला नवा मेल येताना चालायची टिक आपोआप असते. ती काढा, नाहीतर बाहेरून आलेले फॉरवर्डही आपल्या फोल्डरमध्ये गोळा होतील. "आफ्टर सेंडिंग" ला टिक करा. "मॅन्युअली रन" ची राहू द्या, ती जुन्या मेलसाठी लागेल. अट एकच : सब्जेक्ट, बिगिन्स विथ, Fwd: (कोलनसकट). कृती : "कॉपी मेसेज टू", पुढे तो लोकल फोल्डर.

बी-302 (सेक्रेटरी): "कंटेन्स" का नको?

सी-201: फॉरवर्ड होऊन आलेल्या मेलला आपण उत्तर दिलं की विषय Re: Fwd: असा होतो. "कंटेन्स" ठेवलं तर अशी सगळी उत्तरंही फोल्डरमध्ये शिरतात. "बिगिन्स विथ"ला फक्त आपण पुढे पाठवलेलेच सापडतात. आणि फॉरवर्ड करताना विषय पुसून नवीन लिहू नका. काही लिहायचंच असेल तर मागे जोडा, पुढचे Fwd: तसेच राहू द्या.

ए-104 (खजिनदार): लिफ्ट, वीजबिल, पाण्याचा टँकर असे वेगळे फिल्टर करता येतील का?

सी-201: "मॅच ऑल" ठेवून दुसरी अट जोडली की होतात. पण मी करणार नाही. विषय कोणी मराठीत लिहितं, कोणी इंग्रजीत, कोणी नुसतं "बघा" लिहून पाठवतं. चार फिल्टरांतून एखादा मेल निसटला तर कळतही नाही. वर्षाला एक फोल्डर बास. आत शोधायला कंट्रोल-शिफ्ट-के दाबून शब्द टाका.

ए-002 (नाना): भाऊ, कॉपीऐवजी मूव्ह करं तर जागा वाची ना?

सी-201: नाना, मूव्ह केलं तर जीमेलच्या सेंटमधून मेल निघून जाईल आणि मोबाइलवर कोणालाच दिसणार नाही. दोन ठिकाणी प्रत राहावी म्हणून तर हे चाललंय. कॉपीच ठेवा.

फिल्टर चालत नसेल तर आधी एक गोष्ट बघा. हा फिल्टर सेव्ह झालेल्या प्रतीवर चालतो. जीमेल स्वतःहून सेंटमध्ये प्रत ठेवतं, म्हणून "प्लेस अ कॉपी इन" ची टिक काढा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. ती काढली की थंडरबर्डच्या हातात प्रतच उरत नाही, फिल्टर गप्प बसतो आणि काही चुकल्याचा संदेशही येत नाही. टिक राहू द्या. त्यामुळे जीमेलच्या सेंटमध्ये एकच मेल दोनदा दिसू लागला, तर टिक न काढता खालचं "अदर" निवडून प्रत लोकल फोल्डर्समध्ये वळवा. मात्र मग फिल्टरही "फिल्टर्स फॉर : लोकल फोल्डर्स" इथे नव्याने करावा लागेल. प्रत ज्या खात्यात पडते, त्याच खात्याचे फिल्टर तिच्यावर चालतात.

बी-302 (सेक्रेटरी): आणि मोबाइलवरून फॉरवर्ड केलेले?

सी-201: त्यांच्यावर "आफ्टर सेंडिंग" चालत नाही, ते थंडरबर्डमधून गेलेलेच नसतात. ते जीमेलच्या सेंटमध्ये येतात. महिन्यातून एकदा सेंट तारखेप्रमाणे लावा, लोकल फोल्डरमध्ये नसलेले निवडा, राइट क्लिक, "कॉपी टू". मागच्या वर्षांचे एकदाच आणायचे असतील तर फिल्टरच्या खिडकीत खाली "रन" साठी सेंट फोल्डर निवडून "रन नाऊ". हे एकदाच. पुन्हा दाबलं तर सगळे दुसऱ्यांदा कॉपी होतील.

"सेव्हड सर्च" फोल्डरला मात्र प्रत समजू नका. तो फक्त शोधाचा निकाल दाखवतो, त्यात वेगळं काही साठत नाही. तिथून डिलीट केलं की मूळ मेलच जातो.

ए-104 (खजिनदार): सीए साहेबांना पाठवताना फॉरवर्ड कसं करायचं? साधं केलं तर "पाठवणाऱ्याची पूर्ण माहिती नाही" म्हणतात.

सी-201: मेसेज मेनूत "फॉरवर्ड अ‍ॅज" आहे, त्यातून "अटॅचमेंट" घ्या. इनलाइनमध्ये, म्हणजे साध्या फॉरवर्डमध्ये, मूळ मेलचा विषय, तारीख, कोणाकडून, कोणाला एवढंच मजकुरात उतरतं आणि तो मजकूर कोणालाही बदलता येतो. अटॅचमेंट केलं की अख्खा मेल .eml फाइल होऊन जातो. कोणत्या सर्व्हरवरून कधी आला त्या सगळ्या ओळी आत राहतात. कंट्रोल-यू दाबलं की आपल्याला दिसतात त्याच. प्रतही तशीच पूर्ण राहते. सभासदांना कळवायचं असेल तर इनलाइनच बरं, काही मोबाइलवर .eml उघडायला अडचण येते.

आकाराचं बघा फक्त. जीमेलवरून 25 एमबीच्या वर जात नाही, आणि मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे जोडायच्या फाइली 18 एमबीच्या आत ठेवा. कोटेशनचे रंगीत स्कॅन नकोत, 200 डीपीआय पुरे.

ए-002 (नाना): मन्हा घरना कॉम्प्युटरवर पॉप शे. तठे हेच चाली का?

सी-201: चालेल नाना. फक्त पॉपवर मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवले जातात आणि पाठवलेल्याची प्रत त्या एकाच कॉम्प्युटरवर असते, म्हणून बॅकअप जास्त महत्त्वाचा. "लिव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर" खाली 14 दिवसांची मर्यादा असते, तीही बघून घ्या. तेवढे दिवस झाले की आलेले मेलही सर्व्हरवरून जातात.

बी-302 (सेक्रेटरी): बॅकअप कसा घ्यायचा ते सांगा. ते काम मी माझ्याकडे घेतो.

सी-201: हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर (थंडरबर्डचा सगळा डेटा त्यातच असतो) "ओपन फोल्डर". मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा, चालू असताना कॉपी करू नका. आत Mail, त्यात Local Folders. प्रत्येक फोल्डरची एक बिनएक्स्टेन्शनची फाइल दिसेल, तिच्यातच सगळे मेल एकापाठोपाठ असतात. सोबतची .msf नुसती सूची, ती गेली तरी पुन्हा तयार होते. पण मोठी दिसते म्हणून कोणी ती बिनएक्स्टेन्शनची फाइल उडवली तर वर्षभराचे मेल गेले. अख्खं प्रोफाइल फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट32 असेल तर 4 जीबीच्या वरची एक फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

ए-104 (खजिनदार): थंडरबर्ड मधूनच "कॉम्पॅक्ट करू का" विचारतं. हो म्हणायचं का?

सी-201: हो, पण वीज भरवशाची असताना. डिलीट केलेला मेल फाइलमध्ये पडूनच असतो, कॉम्पॅक्ट झाल्यावर जागा सुटते. ते करताना प्रोग्राम नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतो. मध्येच लाइट गेली तर nstmp नावाच्या अर्धवट फाइली मागे राहतात. धुळ्याच्या उन्हाळ्यात दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा ऑफिसचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या आणि कॉम्पॅक्ट बॅकअपनंतरच करा. फोल्डरमधली यादी विचित्र दिसली तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, "रिपेअर फोल्डर".

ए-002 (नाना): बठ्ठं समजनं. इन्व्हर्टरना पॉइंट मी सकाळीच इलेक्ट्रिशियनकडून करी लेस.

बी-302 (सेक्रेटरी): फिल्टर लावला, ताईंना एक फॉरवर्ड पाठवून बघितला. लोकल फोल्डरमध्ये प्रत आली, सेंटमध्येही आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, त्याआधी मागच्या वर्षाचे "रन नाऊ" करून घेतो. पेन ड्राइव्ह खजिनदारांच्या कपाटात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअप. मोबाइलवरून फॉरवर्ड करणाऱ्यांनी कृपया विषयातले Fwd: पुसू नका.