गाडीखालची खडखड : खोलल्यावर शेवटी काय निघालं?

आमच्या सात सीटरला पुढून, डाव्या अंगानं, ठकठक आवाज येतोय. संभाजीनगरच्या गल्ल्यांत, वीस-तीसच्या वेगात, उखडलेल्या डांबरावर. धुळे-सोलापूर हायवेला लागलं की गाडी गप्प. एका गॅरेजवाल्यानं शॉकअप सांगितले, दुसऱ्यानं स्टेअरिंग रॅक, आणि तिसऱ्यानं "साब, चलने दो, कुछ नहीं होता" म्हणून परत पाठवलं. तिघांपैकी कुणीही गाडी चालवून बघितली नाही.

म्हणून इथं विचारतोय. तुमच्या घरच्या गाडीला असा आवाज नेमका कधी यायचा, कुणी कसा पकडला आणि खोलल्यावर काय निघालं ते लिहा. 'अमुक बदलून टाका' एवढंच नको. कसं कळलं, ते हवंय.

परभणी

दादा, आमच्याकडं लिंक रॉड निघाली होती. स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा गज) शॉकअपशी जोडणारी वीतभर दांडी. दोन्ही टोकांना बारके बॉल जॉइंट, म्हणजे फिरते सांधे, असतात. त्यांचं रबर फाटलं की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस संपतं आणि खडखड सुरू.

आपल्याकडं ही दांडी लवकर जाते, आणि त्यात रस्त्याखालच्या मातीचाही हात आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर मग सपाट राहतच नाही, डावं चाक खड्ड्यात तर उजवं उंचवट्यावर. दोन्ही चाकं वेगवेगळी हलली की बार पिळला जातो आणि तो पीळ लिंकवर येतो. त्यात समोरून उसाची ट्रॉली आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरवावंच लागतं, दुसरा इलाज नाही.

आमच्या मिस्त्रीनं गाडी आधी रुंद स्पीडब्रेकरवरून सरळ नेली. दोन्ही चाकं एकदम चढली, आवाज जवळजवळ नाही. मग एकच चाक ब्रेकरच्या टोकावरून काढलं. ठक, ठक! तिथंच तो म्हणाला, लिंक. खात्री करायला त्यानं दोन्ही बाजूंच्या लिंक काढून ठेवल्या आणि गल्लीत सावकाश चक्कर मारली. गाडी एकदम शांत. (लिंक काढलेली गाडी वळणावर जास्त कलते, हायवेला नेऊ नका.) सामान स्वस्त आहे, आम्ही जोडीच बदलली.

लातूर

मी भाड्याची गाडी चालवतो, परळी-अंबाजोगाई साइडला. आवाज आला की मी आधी ब्रेकवर पाय टेकवतो. खराब रस्त्यावर, वेग न तोडता, नुसता टेकवायचा. आवाज बंद झाला तर शॉकअपवाल्याकडं जायचं कामच नाही. पॅड सैल असतेत, नाहीतर कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना झिजलेल्या असतेत. ब्रेक लागला की समदं घट्ट बसतंय.

माझ्या गाडीला पॅड बदलताना कुणीतरी पत्तीच्या बारक्या क्लिपा टाकल्याच नव्हत्या. क्लिपा टाकल्या, पिनांना ब्रेकचं ग्रीस लावलं, विषय संपला. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं रबर फुगतंय.

नांदेड

आमचा आवाज मागून यायचा. ह्यांनी मागचे शॉकअप बदलायचं ठरवूनच टाकलं होतं. मी म्हटलं, आधी गाडी तरी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाना, पाण्याचे कॅन, माहूरहून आणलेली पितळी घंटा, सगळं खाली काढलं. तरी आवाज होताच. मग सासऱ्यांना तिसऱ्या रांगेत बसवून कॉलनीत फिरवलं. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, पण पाठीला बरोबर कळलं. "अगं, ही सीटच हलायलीय." सीटचा लॅच नीट अडकत नव्हता. लॅचच्या पट्टीला रबर गुंडाळलं आणि शॉकअपचे पैसे वाचले.

धाराशिव

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवत असे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, 'डाव्या अंगानं' यावर फार विश्वास ठेवू नका. आवाज पत्र्यातून आणि सबफ्रेममधून (खालच्या लोखंडी चौकटीतून) फिरतो. उजवीकडची ठकठक डावीकडे बसलेल्याला आपल्या पायाखाली वाटते. दोन्ही बाजू तपासा.

दुसरी, लिंकवर येण्याआधी लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) बॉल जॉइंट बघा. लिंक तुटली तर गाडी वळणावर कलते, एवढंच. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. चाक उचला, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही डोकं घालू नये) आणि चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी धरून खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टेअरिंग रॅक. हे करताना दुसऱ्या माणसानं जॉइंटवर बोट ठेवावं. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला कळतो.

अर्टिगा, ईको यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली एकच आर्म) आहे, तिथे चाक लोंबकळत ठेवून तपासलं तरी चालतं. इनोव्हा क्रिस्टाला पुढे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्म, आहे, स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. अशा गाडीत जॅक आर्मखालीच हवा. नाहीतर स्प्रिंगच्या दाबानं झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो.

आणि बुश (आर्मच्या सांध्यातली रबरं) बदलले तर बोल्ट शेवटचा कधी आवळला, ते विचारा. गाडी हवेत असताना आवळला की रबर त्याच स्थितीत जखडतं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. असे बुश लवकर फाटतात आणि दोष मात्र कंपनीच्या नावावर जातो. चाकं जमिनीवर, वजन गाडीवर, मगच शेवटचा आवळ. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे हे परीक्षेत बरोबर लिहायचे आणि वर्कशॉपमध्ये विसरायचे.

जालना

सर, तुमच्या शेवटच्या मुद्द्याचा भाऊबंद आमच्याकडं निघाला. शॉकअप नवे टाकले आणि जुन्यापेक्षा जास्त आवाज! बॉनेट उघडून मी स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवला आणि मुलाला बंपर दाबून गाडी हलवायला लावली. हाताखाली ठक ठक सरळ लागत होतं. मधला नट पुरता आवळलाच नव्हता. माउंटिंगचं रबर मात्र जुनंच परत बसवलं होतं, ते वेगळं बदलावं लागलं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग' करून सुटत असेल, तर वरचं बेअरिंग बघा, तो निराळा आजार आहे.

अंबाजोगाई

आमचा आवाज फक्त तुळजापूरला जाताना यायचा, म्हणजे सात माणसं, दोन लेकरं मांडीवर आणि वर सामान. रिकाम्या गाडीत मिस्त्रीला काही सापडेना. शेवटी भरलेलीच गाडी गॅरेजला नेली, सगळे आत बसलेले. मागच्या स्प्रिंगा दबून बसलेल्या, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला एक्सल रबरी बंपस्टॉपवर आदळत होता, आणि त्यातला एक रबर तर गळूनच गेलेला. नवे शॉकअप टाकूनही हा आवाज गेला नसता, गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग.

हिंगोली

आमचा निराळाच. गाडी रिव्हर्स घेऊन थांबवली की एकदा 'धप्प', पुढं घेऊन ब्रेक मारला की परत एकदा. औंढ्याच्या रस्त्यावर खड्ड्यांत मात्र फारसं काही नाही. लोअर आर्मचा मागचा बुश फाटला होता. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म दाबला की आख्खा सरकताना दिसायचा. असाच आवाज इंजिनच्या फाउंडेशनचाही (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती) येतो, म्हणून उभ्या गाडीत ब्रेक दाबून ठेवून क्लच अर्धवट सोडून बघितलं होतं, इंजिन उड्या मारत नव्हतं. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्या, गॅरेजवाला 'गरज नाही' म्हणाला तरी. आमच्या पुढच्या टायरचा आतला काठ तोवर खाऊन झाला होता.

धागाकर्ते, तुमच्या गाडीला रिव्हर्समध्ये आवाज येतो का, ते लिहिलं नाही तुम्ही.