बेळगावहून सिंधुदुर्ग आणि सावंतवाडी : कॅराव्हॅनमधल्या मुक्कामाचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातून कॅराव्हॅनने, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आणि सावंतवाडी पाहून आलेल्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. सुरुवात मीच करते.

शहापूर, बेळगाव :
सासूबाईंचे वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे, आणि किल्ल्यावरचे शिवाजी महाराजांच्या हातापायांचे ठसे एकदा पाहायचेच हा त्यांचा जुना ध्यास. वाटेत आडवे व्हायला जागा आणि स्वच्छ शौचालय असल्याशिवाय त्यांना एवढ्या लांब नेणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन भाड्याने घेतली आणि वेंगुर्ला रोडने बाची, शिनोळी करीत आंबोलीचा घाट उतरलो. मुक्काम मालवणातच असल्यामुळे सकाळची पहिली होडी मिळाली. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे काम नोव्हेंबर १६६४मध्ये सुरू झाले आणि पायाचे दगड शिसे ओतून बसवले, हे वाचलेले होते. पण अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, हे तिथे गेल्यावरच कळले. ठशांच्या घुमटीपर्यंतच्या पायऱ्या चढताना सासूबाई दोनदा बसल्या. ठशासमोर त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. चहूकडे समुद्र असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे आहे. आमच्या गाडीची टाकी मात्र दुसऱ्याच संध्याकाळी रिकामी झाली, कारण आम्ही घरच्यासारखा नळ सोडून भांडी धुतली होती. ती आधी कागदाने पुसून घ्यावीत आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन वेगळे ठेवावेत.

निपाणी :
आम्ही संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या मार्गाने आंबोलीला आलो. घाट दिवसाउजेडी आणि खालच्या गिअरवरच उतरावा, कारण टाकीतले पाणी, सिलिंडर आणि सामान धरून गाडी बरीच जड होते आणि नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ते तापतात. तारकर्लीला मी गाडी किनाऱ्याच्या फार जवळ नेली आणि मागचे चाक वाळूत रुतले. शेजारच्या घरातल्या काकांनी चाकाखाली माडाच्या झावळ्या घातल्या, टायरची थोडी हवा सोडायला लावली, तेव्हा ती बाहेर निघाली.

खानापूर :
सावंतवाडीसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा, असे मला मनापासून वाटते. मोती तलावाकाठचा राजवाडा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी बहुतेक जण पाहतात, पण राजवाड्यात हाताने रंगवली जाणारी गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, घाईने पाहण्यासारखी नाही. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. तिथल्या ताई एका पानावरच्या माशाचे खवले इतक्या बारीक कुंचल्याने भरत होत्या, की माझी मुलगी श्वास रोखून पाहत राहिली. लुप्त होत चाललेली ही कला राजघराण्याने पुन्हा उभी केली.

चिकोडी :
आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हे आधी विचारले नव्हते. वडिलांनी गाडीच्या दारात खुर्ची मांडली आणि पाऊस उघडला तेवढा वेळ समोरचा तट पाहिला. आता नोव्हेंबरसाठी तीच गाडी पुन्हा ठरवली आहे.