‘लोभ धरू नको’ : दहाव्या आज्ञेतला लोभ नेमका कोणता?

प्रश्न
बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी शेवटच्या आज्ञेत (निर्गम २०:१७) ‘शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको’ असं आहे. एरवी आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहितो, गोड चेहऱ्याला लोभस म्हणतो. मग आज्ञेतला लोभ म्हणजे हेवा, हाव की साधी इच्छा? शेजाऱ्याचं घर नुसतं आवडलं तरी पाप?

प्रतिसाद
हेवा नक्कीच नाही. हेव्यात दुसऱ्याजवळ आहे हे सलतं, मत्सरात ते त्याच्याजवळ नसावं असं वाटतं. लोभात तीच वस्तू मला हवी असते, माणूस मधे आला तर अडचण. मूळ हिब्रू क्रियापद ‘हामद’, आणि गंमत म्हणजे तेही आपल्या ‘लोभा’सारखंच दोन्हीकडे चालतं. एदेन बागेतल्या झाडांची मोहकता (उत्पत्ती २:९) आणि देवाचे निर्णय सोन्याहून हवेहवेसे असणं (स्तोत्र १९:१०), दोन्हीकडे हाच धातू. म्हणून आवडण्यावर बंदी नाही. आज्ञेचा भार ‘शेजाऱ्याचं’वर आहे: घर, बायको, दास, दासी, बैल, गाढव.

प्रतिसाद
माझ्या मते मराठीत खरी मेख ‘धरू’मध्ये आहे. राग येतो, पण राग धरणं वेगळं. तसंच लोभ वाटणं आणि लोभ धरणं. १ राजे २१ वाचा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने त्याबदल्यात अधिक चांगला मळा किंवा पैसे देऊ केले. इथवर व्यवहारच आहे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. अहाब घरी येऊन तोंड फिरवून पडून राहिला, जेवेना. लोभ धरला तो इथे. पुढे त्याची राणी ईजबेल हिने राजाच्या नावाने पत्रं धाडली, खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार करून मारलं आणि अहाब मळा ताब्यात घ्यायला निघाला. खोटी साक्ष, खून, चोरी: एका मळ्यापायी तीन आज्ञा मोडल्या, आणि सुरुवात अंथरुणात.

प्रतिसाद
थोडी हरकत. काही अभ्यासकांच्या मते ‘हामद’मध्ये बळकावण्याची खटपटही येते. निर्गम ३४:२४ मध्ये म्हटलंय, वर्षातून तीनदा तुम्ही देवापुढे जाल तेव्हा कोणी तुमच्या जमिनीचा लोभ धरणार नाही. घर रिकामं असताना नुसत्या इच्छेची भीती कशाला? पण मीखा २:२ मध्ये ‘शेतांचा लोभ धरतात आणि ती हिरावून घेतात’ अशी दोन पावलं आहेत. लुटीतल्या वस्तू लपवणाऱ्या आखानाच्या कबुलीतही (यहोशवा ७:२१) क्रम तोच: पाहिलं, लोभ धरला, घेतलं. शिवाय अनुवाद ५:२१ मध्ये याच आज्ञेत दुसरं, मनातल्या इच्छेचं क्रियापदही आहे. त्यामुळे आज्ञेतला लोभ मनातलाच मानावा, असं मला वाटतं. प्रेषित पौलानेही तो मनातलाच मानला. ‘लोभ धरू नको’ असं नियमशास्त्राने सांगितलं नसतं तर मला लोभ कळलाच नसता, असं तो रोमकरांस ७:७ मध्ये म्हणतो. चोरी दिसते, साक्षीदार मिळतो. ह्याला साक्षीदार नाही.

प्रश्नकर्ता
मग कलस्सैकरांस ३:५ मध्ये लोभाला मूर्तिपूजा म्हटलंय, तो हाच?

प्रतिसाद
नाही. तिथे ग्रीक ‘प्लेओनेक्सिया’ आहे, अधिकाधिक मिळवण्याची हाव. लूक १२ मधला कोठारं मोठी बांधणारा श्रीमंत याचं उदाहरण. त्याने कोणाचं काहीच घेतलं नव्हतं, पीक त्याच्याच शेतातलं. तिथे ‘हाव’ जास्त बसेल, आज्ञेत ‘लोभ’च राहू द्या.
आणि शीर्षकातल्या ‘दहाव्या’बद्दल: कॅथलिक आणि लुथरन मोजणीत शेजाऱ्याच्या गोष्टींचा लोभ धरण्याबद्दल दोन आज्ञा होतात, नववी आणि दहावी. कॅथलिक परंपरेत नववी बायकोबद्दल, दहावी मालमत्तेबद्दल. अँग्लिकन वगैरे मंडळ्यांत ती एकच, दहावी. संदर्भ देताना क्रमांकापेक्षा अध्याय-ओवी दिलेली बरी.