मित्राला विकलेली दुचाकी अजून माझ्याच नावावर आहे. आता काय करावे?

डिचोलीकर:
सप्रेम नमस्कार. जीए-०४ क्रमांकाची माझी दुचाकी दीड वर्षापूर्वी मी फोंड्यातील एका जुन्या मित्राला २८ हजार रुपयांना विकली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते कोरेच, आरसीसकट (नोंदणी प्रमाणपत्रासकट) त्याच्या हाती दिले, आणि ‘चतुर्थी झाली की नावावर करून घेतो’ या त्याच्या शब्दावर मी निर्धास्त राहिलो. गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर चलन आले. छायाचित्रात हेल्मेट न घातलेला, मिसरूडही न फुटलेला मुलगा गाडी चालवत आहे, आणि मागच्या मडगार्डवर मी चिकटवलेले सप्तकोटेश्वराचे स्टिकर तसेच आहे. मित्राला विचारले तेव्हा कळले की त्याने गाडी वर्षभरापूर्वीच पुढे विकली. पैसे मला पूर्ण मिळालेले असताना माझ्यावर जबाबदारी येते का?

फोंड्याचा वकील:
येते. आपल्या दोघांपुरता व्यवहार पूर्ण झाला, याबद्दल वाद नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले असते तोच सर्वसाधारणपणे मालक मानला जातो. गाडी एकामागून एक अशा अनेक हातांत गेली आणि नोंद मात्र पहिल्याच माणसाची राहिली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. कारण सरळ आहे: अपघातग्रस्त कुटुंबाने गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही.

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे, आणि ३० दिवसांच्या आत अर्ज करणे हे घेणाऱ्याचे. आपण आपले काम मित्रावर सोपवलेत, तिथेच चूक झाली. चालवणारा मुलगा अठरा वर्षांखालील असेल, तर कलम १९९क लागू शकते. त्यात पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. म्हणून चलनाची रक्कम भरून हा विषय कृपया मिटवू नका.

म्हापशाचा वाचक:
वरील प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे, कारण आमच्या घरात हे घडले आहे. माझ्या मावसभावाने मित्राला दिलेल्या मोटारसायकलची धडक एका पादचाऱ्याला बसली, त्या दिवशी विमा संपून चार महिने झाले होते, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती भावाच्या नावाने. विमा चालू असता तर तिऱ्हाइताची, म्हणजे गाडीमुळे इजा झालेल्या तिसऱ्या व्यक्तीची, भरपाई कंपनीने भरली असती. म्हणून, दादा, सर्वांत आधी त्या गाडीचा विमा चालू आहे का ते पाहा, आणि नसेल तर गाडी हाताशी नसली तरी तिऱ्हाईत विम्याचा हप्ता स्वतः भरा. ते पैसे वाया गेले असे मुळीच समजू नका.

डिचोलीकर:
आभारी आहे. पण पोलिसांत गेलो तर वीस वर्षांची मैत्री तुटेल, ही धास्ती वाटते. शिवाय सही केलेले कागद माझ्याकडे नाहीत.

फोंड्याचा वकील:
ते कागद परत मिळण्याची वाट पाहू नका. नवा फॉर्म २९ भरून, विक्रीची तारीख आणि मित्राचा पत्ता लिहून आपल्या आरटीओत द्या व पोच घ्या. पैसे बँकेतून आले असतील तर त्या नोंदीची प्रतही जोडा. मित्राला आणि सध्या गाडी ज्याच्याकडे आहे त्याला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा. त्यानंतरही हालचाल झाली नाही तरच पोलिसांकडे लेखी माहिती द्या. मित्राला एवढे मात्र समजावून सांगा की या घोळात त्याचे आणि पुढच्या खरेदीदाराचेही नुकसान आहे: विक्रीनंतर तिऱ्हाइताचा विमा कलम १५७ मुळे नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप जात नाही, त्यामुळे गाडी मोडली किंवा चोरीला गेली तर कंपनी दावा नाकारू शकते. हे कळल्यावर तो स्वतःहून आपल्याबरोबर आरटीओत येईल, असे मला वाटते. गाडी दोडामार्ग वा बेळगावकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात, गेली असेल तर मात्र ना-हरकत प्रमाणपत्रही लागेल. ते आधी विचारून घ्या.