मेलॅनोमानंतर आईसाठी मुंबईत त्वचेचे डॉक्टर

प्रेषक: वेस्टमीड, सिडनी
विषय: आईसाठी मुंबईतले त्वचेचे डॉक्टर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मेल-यादीवर गणपतीच्या वर्गणीचे आणि स्वयंसेवकांचे मेल चालू असताना मध्येच हा मेल टाकते आहे, माफ करा. पण मुंबईची माहिती असलेली माणसं मला इथेच भेटतील.

माझी आई ६८ वर्षांची आहे, बाबांबरोबर मुलुंडला राहते. मार्चमध्ये तिच्या डाव्या टाचेवरचा काळा डाग काढला आणि रिपोर्टमध्ये मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, आला. जाडी ०.७ मिलिमीटर, व्रण (वरची कातडी फुटलेली) नाही. मग सर्जननी भोवतालची १ सेंटिमीटर कातडी काढून तिथे मांडीची कातडी लावली. पहिलाच टप्पा आहे, केमो वगैरे लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, “आता दर ६ महिन्यांनी एखाद्या चांगल्या स्किनच्या डॉक्टरांकडून सगळं अंग तपासून घेत जा.” चांगले म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांना त्या क्षणी विचारायचं सुचलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी २ आठवड्यांची रजा काढून मी जाते आहे. बाबांनी स्टेशनपासून घरापर्यंतच्या पाट्यांचे फोटो काढून पाठवले. सगळीकडे स्किन, हेअर, लेझर, पिंपल्स. यातल्या कुणाकडे आईला न्यायचं? कुणाला अनुभव असेल तर लिहा, एखादी ओळ लिहिलीत तरी चालेल.

—

प्रेषक: ब्लॅकटाऊन

आईला आमचा नमस्कार सांग. माझ्या पुतणीच्या चेहऱ्यावरचे डाग दादरच्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये पूर्ण गेले. मशिन्स सगळी नवी आहेत, हवा असेल तर नंबर पाठवतो. एक विचारू का? हा आजार इथल्या गोऱ्या लोकांना उन्हाने होतो असंच आम्ही ऐकत आलो. आपल्याकडे, तेही टाचेला, कसा झाला?

—

प्रेषक: दादर, मुंबई (मंडळाची जुनी सभासद)

बाळा,

तुझा मेल रात्री वाचला, मग झोप लागेना. माझीही टाचच होती. उजवी. सिडनीहून परत येऊन ९ वर्षं झाली, पण या यादीतून नाव काढावंसं कधी वाटलं नाही. आज वाटतं, बरं झालं काढलं नाही.

आधी ब्लॅकटाऊनच्या भाऊंना सांगते. आपल्या रंगाच्या माणसांत हा आजार कमी दिसतो हे खरं. पण होतो तेव्हा बहुतेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथला मेलॅनोमा उन्हाने होत नाही. गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता, १९८१ साली ३६व्या वर्षी ते गेले. त्यामुळे सिडनीच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेलं पाठीवरच्या तिळांचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून इथे डॉक्टर शोधू नका. आपल्याला तळवे वाचता येणारा माणूस हवा.

माझं काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढं आवर्जून का लिहिते आहे ते कळेल. टाचेवर काळसर टणक काहीतरी आलं. एका डॉक्टरांनी कुरूप म्हणून ते दोनदा जाळलं. जाळल्यावर तपासायला काही उरत नाही, म्हणून लॅबमध्ये काहीच गेलं नाही. ८ महिन्यांनी ते पुन्हा काळं दिसायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा काढून पाठवला तर जाडी २.३ मिलिमीटर. आजार पसरला तर आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली गाठ काढून तपासावी लागली. ती स्वच्छ निघाली म्हणून आज तुला लिहू शकते आहे. ते ८ महिने मला अजून सलतात. म्हणून नव्या डॉक्टरांना मी सगळ्यात आधी विचारते, तुम्ही अंगावरून जे काही काढता ते प्रत्येक वेळी तपासायला पाठवता का? यावर जो चाचरतो त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

पाट्यांचं म्हणशील तर लेझर लिहिलंय म्हणून डॉक्टर वाईट असं नाही. मुंबईत जागेची भाडी अशी आहेत की चांगले त्वचारोगतज्ज्ञही लेझर ठेवतात. नावापुढची पदवी बघ. एमडी किंवा डीएनबी डर्मेटॉलॉजी (त्वचारोग) असेल, नाहीतर डीडीव्हीएल हा डिप्लोमा असेल. नुसतं कॉस्मेटॉलॉजी (सौंदर्योपचार) लिहिलं असेल तर ते वेगळं काम आहे, त्यात आईची तपासणी बसत नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

पण पदवी असली म्हणजे झालं असं नाही. फोनवर रिसेप्शनच्या मुलीला स्पष्ट सांग, “मेलॅनोमाचं ऑपरेशन झालेला पेशंट आहे, सगळ्या अंगाची तपासणी हवी आहे, डर्मोस्कोप लावून बघतात का?” त्या मुलीला माहीत नसेल तर तिला डॉक्टरांना विचारून परत फोन करायला सांग. डर्मोस्कोप म्हणजे हातात मावणारं, दिवा असलेलं भिंग, साधारण १० पट मोठं दाखवणारं. माझ्या डॉक्टरबाईंनी मला त्यातून माझाच तळवा दाखवला होता. शेतात सरी-वरंबे असतात ना, तशीच ती कातडी दिसते. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सऱ्यांमध्ये उतरलेला असतो, मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. जपानमधल्या डॉक्टरांनी हे बारकाईने अभ्यासून मांडलं, कारण त्यांच्याकडेही हा तळव्यांचाच आजार जास्त. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. कुणी म्हणालं, “मला बघूनच कळतं,” तर नमस्कार करून उठ.

आता जे कुणी बोलत नाही ते लिहिते. सगळं अंग म्हणजे खरोखर सगळं. केसांत भांग पाडून डोकं, कानांच्या मागे, छातीखाली, जांघा, बसायची जागा, पायाच्या बोटांच्या बेचक्या. पहिल्या वेळी साडी सोडायची म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता, मी फक्त पाय पुढे केला. ते डॉक्टर सज्जन होते, तेही संकोचले. आम्ही दोघांनी ती तपासणी अर्धी सोडली, आणि घरी येऊन मी रडले. मग बाई डॉक्टर शोधल्या. त्या एका वेळी एकच भाग उघडायला लावतात, बाकी चादरीने झाकलेलं असतं. आईशी हे आधीच बोलून ठेव, बाबांनी नव्हे, तू. बाई डॉक्टर मिळाल्या नाहीत तर नर्स हजर राहील एवढी खात्री करून घे. जाताना नेलपॉलिश, मेंदी, हळद काही नको. जोडवी घरीच काढायला सांग, त्यांच्याखाली काय आहे ते कुणी बघतच नाही.

खासगीत नको असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. तिथे एका दिवसात जेवढे पेशंट बघतात तेवढे खासगीत क्वचितच कुणी बघत असेल, आणि शंका आली तर वरिष्ठांना बोलावतात. पण केसपेपरसाठी सकाळी लवकर जावं लागतं, आणि निवासी डॉक्टरांचं शिक्षण ३ वर्षांचं, त्यामुळे दर खेपेला समोर नवा चेहरा. ऑपरेशन परळला टाटामध्ये झालं असेल तर तिथली फाइल आणि तारखा अजिबात सोडू नका. सर्जन जखमेची जागा आणि गाठी बघतात, त्वचेचे डॉक्टर बाकीची सगळी कातडी. दोन्ही लागतं, आणि दोघांना एकमेकांचे कागद दिसले पाहिजेत.

मी मात्र एकाच डॉक्टरांना धरून राहिले. माझा कुठला तीळ जुना, कुठला नवा, हे त्यांना फोटोंवरून समजतं. घरीही महिन्यातून एकदा बघते. तारीख विसरू नये म्हणून संकष्टीचा दिवस ठरवलाय. आंघोळीनंतर आरसा, बाजूला पट्टी ठेवून फोटो, मग जांघेत हाताने चाचपून गाठ लागते का ते. पावसाळ्यात बोटांत चिखल्या होतात तेव्हा जास्त नीट बघते, कारण ओल्या सोललेल्या कातडीत सगळंच लपतं.

आईला माझा नंबर दे. वेगळ्या मेलने पाठवते.

—

प्रेषक: पॅरामॅटा

दादरच्या ताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये असे तुकडे तपासून रिपोर्ट देणारा, म्हणून कागदांपुरतं बोलतो.

आईच्या रिपोर्टमधली ती ०.७ मिलिमीटर जाडी अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली सुचवलेल्या मापाची आहे. पुढे किती वेळा तपासायचं हे मुख्यतः त्या जाडीवर आणि व्रण आहे की नाही यावर ठरतं. आईच्या टप्प्याला पहिली ५ वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी आणि नंतर आयुष्यभर वर्षातून एकदा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. जाडी जास्त असेल तर सुरुवातीला ३ ते ६ महिन्यांनी बोलावतात. म्हणून पूर्ण रिपोर्ट, पानं न गाळता, नव्या डॉक्टरांसमोर ठेव. त्यांनी तो न वाचता तपासायला घेतलं तर मला काळजी वाटेल.

काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडे असतात, ते मागून घेता येतात. दुसऱ्या जाणकाराला दाखवायचं झालं तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही.

आणखी एक. घाबरलेल्या कुटुंबाला ‘एकदा पेट स्कॅन (सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा स्कॅन) करूनच टाका’ असं कुणीतरी सांगतंच. या टप्प्यात, काही त्रास नसताना, त्याची गरज नसते. सुचवलं तर कशासाठी, ते विचार. नवा संशयित डाग दिसला तर शक्य तिथे पूर्ण काढून पाठवतात, मोठा असेल तर त्याचा योग्य तो तुकडा. वरून खरवडलेल्या नमुन्यात आम्हाला जाडी मोजता येत नाही.

—

प्रेषक: वेस्टमीड, सिडनी

मंडळी,

काल परत आले. तुम्ही एवढा वेळ दिलात, तर पुढे काय झालं ते सांगायलाच हवं.

५ ठिकाणी फोन केले. दोघांना डर्मोस्कोप शब्दच कळला नाही. एका ठिकाणी म्हणाले, फक्त दाखवाल तो डाग बघू. चौथ्यांकडे पुढच्या महिन्याची वेळ होती. पाचव्या घाटकोपरच्या बाई निघाल्या, त्यांनी स्वतः परत फोन करून रिपोर्ट आधी मागवून घेतला. दादरच्या मावशी, तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

आईला सांगणं अवघड गेलं. तपासणीच्या आदल्या रात्री मी तिच्या शेजारी बसून तुमचा मेल मोठ्याने वाचला, साडीचा भाग सुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “त्या बाईंना पण असंच झालं होतं?” तेवढ्याने ती तयार झाली. जोडवी मात्र निघेनात. ४४ वर्षांत एकदाही काढलेली नव्हती. साबणाचं पाणी, तेल, शेवटी बाबांनी हळूहळू फिरवत काढली.

डॉक्टरांनी जवळपास अर्धा तास घेतला. टाचेची लावलेली कातडी, तिच्या कडा, जांघ, मग डोक्यापासून सगळं. जोडव्यांखाली काही नव्हतं. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखात एक बारीक तपकिरी रेघ आहे, ती आम्ही कुणीच कधी पाहिली नव्हती. आपल्या रंगाच्या माणसांत अशा रेघा पुष्कळदा साध्याच असतात, असं त्या म्हणाल्या. रंग एकसारखा आहे, नखाच्या मुळाशी कातडीवर पसरलेला नाही. तरीही भिंगातून फोटो काढून, रुंदी मोजून लिहून ठेवली आणि ३ महिन्यांनी पुन्हा बोलावलं. आजच काढू म्हणाल्या नाहीत, काही नाही असंही म्हणाल्या नाहीत. सर्जनना देण्यासाठी चिठ्ठी दिली.

पॅरामॅटाचे काका, तुम्ही म्हणालात तसा पेट स्कॅनचा विषय निघाला, पण डॉक्टरांकडून नव्हे, आमच्या शेजाऱ्यांकडून. बाबांनी त्यांना ठामपणे नको म्हणून सांगितलं.

आता कालनिर्णयवर प्रत्येक संकष्टीला बाबांनी लाल गोल केलाय. नखाचा फोटो ते काढतील, जांघ आई स्वतः बघेल. मावशी, आई तुम्हाला रविवारी फोन करणार आहे. आणि निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सराफाकडे जाऊन तिच्यासाठी खालून उघडी असलेली, सहज निघणारी जोडवी करायला टाकली.