मदत हवी आहे: बाबांच्या कागदांच्या पेट्या. काय ठेवू, काय अटाल्यात (भंगारात) देऊ?

मंडळी,

दिवाळीनंतर आई-बाबा सुदामानगरचं घर सोडून माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला येतायत. दोघांचेही गुडघे गेलेत, जिना नको झालाय. घर पुढेमागे विकायचंय, घाई नाही. सामानाचं जमेल, आईने पितळी भांड्यांवरचा जीवसुद्धा बराचसा सोडलाय. घोडं अडलंय ते बाबांच्या कागदांवर.

पत्र्याच्या पेट्या आणि वर एक भरलेलं कपाट. विद्युत मंडळाच्या जमान्यापासूनची लाइटबिलं तारेत ओवलेली आहेत, खालची गंजून एकमेकांना चिकटलीत. संपत्तिकर-जलकराच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, संपलेल्या एफडींच्या पावत्या, वरचा मजला बांधला तेव्हाची सिमेंट-सरियाची (लोखंडी सळयांची) बिलं आणि मिस्त्रीच्या हिशेबाची वही. एटीएमच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आहे, त्यावरची शाई केव्हाच उडून गेलीय. नुसते कोरे तुकडे, पण रबर लावून वर्षवार ठेवलेले!

बाबा म्हणतात, "कागद काय खायला मागतो?" आई म्हणते, "कागद नाही मागत, कसर मागते."

नेटवर शोधलं तर जो तो "सात वर्षं ठेवा" म्हणतो, आणि खाली वाचत गेलं की ते अमेरिकेच्या करखात्याचं निघतं. आपल्याकडे काय धरायचं? बाबा ८२ वर्षांचे आहेत, पेन्शनीवर रिटर्न दरवर्षी भरतात. तुमच्या घरी हा प्रश्न कसा सोडवलात? आणि हो, त्यांना न दुखावता कसं सांगायचं, तेही सांगा.

जुनी_इंदौर:
ताई, लाइटबिलांची तार आधी रिकामी करा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर कंपनीला ती वसूल करता येत नाही, पुढच्या बिलांत ती सतत थकबाकी म्हणून दाखवत आली असेल तरच येते. म्हणजे दोन-तीन वर्षांची ठेवा, बाकी जाऊ द्या. नवीन कनेक्शन घेतल्याची आणि अनामत रक्कम भरल्याची पावती मात्र काढून ठेवा, घर विकताना मीटरचं नाव बदलायला कामी येते.

संपत्तिकराचं उलट. त्या पावत्या सगळ्या ठेवा, लागून लागून किती जागा लागणार? नगर निगमच्या खात्यात एखाद्या जुन्या वर्षाची बाकी दाखवली की तुमच्याकडे पावती हवी. घेणाराही त्याच मागतो. रजिस्ट्री, नामांतरण, मंजूर नकाशा, कर्ज फेडल्याचं बँकेचं पत्र यांना तर हातच लावू नका.

ताळेबंद:
लाइटबिलांचं बरोबर सांगितलंय. इन्कम टॅक्सचं मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं.

सप्टेंबर २०२४ पासूनचा नियम असा, की जुनं प्रकरण पुन्हा उघडायची नोटीस करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ३ वर्षं ३ महिन्यांपर्यंत येऊ शकते. सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ५ वर्षं ३ महिन्यांपर्यंत. २०२०-२१ ची कमाई घ्या. तिचं करनिर्धारण वर्ष ३१ मार्च २०२२ ला संपलं, म्हणजे लांबात लांब मुदत ३० जून २०२७. मी आपला सगळ्यांना आठ वर्षं ठेवा सांगतो, पेन्शनर माणसाला तेवढं पुष्कळ. भरलेल्या रिटर्नची पोच तेवढी कायम ठेवावी, एक पान असतं. पगाराच्या चिठ्ठ्या आता नकोत, पण पेन्शनचा मूळ आदेश, म्हणजे पीपीओ, जपा. फॅमिली पेन्शनच्या वेळी आईंना लागेल.

खरी किंमत आहे ती तुम्ही ओझरत्या उल्लेखात टाकलेल्या सिमेंट-सरियाच्या बिलांना. वरचा मजला कधीचा?

(धागाकर्ती):
घर १९८६ चं, वरचा मजला २००६ च्या पावसाळ्यानंतर चढवला. चार लाखांच्या आसपास खर्च झाला असं बाबा म्हणतात. सगळं बाबांच्याच नावावर.

ताळेबंद:
मग ऐका. घर विकलं की खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर कर बसतो. घर २००१ च्या आधीचं, म्हणून मूळ खर्चाऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरायची मुभा आहे. रजिस्टर्ड व्हॅल्युअर ती काढून देतो, मात्र त्या तारखेची स्टॅम्प ड्युटीसाठीची सरकारी किंमत मिळत असेल तर तिच्याहून जास्त धरता येत नाही. २००१ च्या आधीची बांधकामाची बिलं त्यामुळे निकामी झाली. त्यानंतरच्या वाढीव बांधकामाचा खर्च मात्र वेगळा वजा मिळतो.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकताना इथे राहणाऱ्या माणसाला दोन्ही हिशेब करता येतात: महागाई निर्देशांक (जुना खर्च आजच्या भावात आणणारा आकडा) न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. ज्यात कर कमी बसेल तो भरायचा. निर्देशांक २००६-०७ चा १२२ आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे २०२५-२६ मध्ये घर विकलं असतं तर दुसऱ्या हिशेबात ते चार लाख सुमारे १२ लाख ३३ हजार धरले गेले असते. पुरावा नसेल तर तोंडी चार लाखांना कोण विचारतो?

रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती यात येत नाही. खोली, मजला, बोअरिंग असं काही वाढवलेलं हवं.

घर विकायच्या आधी ते तुमच्या नावावर आलं तरी बाबांचाच खर्च धरला जातो. तेव्हा ही फाईल घराबरोबरच राहायची.

(धागाकर्ती):
मिस्त्रीची वही चालते का? त्यात "सोमवार, बेलदार ४, रेजा २" असं पानोपानी लिहिलंय, सही कुठेच नाही.

ताळेबंद:
एकटी वही लंगडी. तिच्या जोडीला त्या वर्षाचं पासबुक ठेवा, बाबांनी चेकने पैसे दिले असतील तर नोंद दिसेल. पासबुक टाकायची चूक बरेच जण करतात, "बँकेत मिळेल की" म्हणून. बँकांना बहुतेक नोंदी ५ किंवा ८ वर्षंच जपायची सक्ती आहे, २००६ चं स्टेटमेंट मागायला गेलात तर मिळेलच असं नाही. मजला चढवल्यावर संपत्तिकर वाढला असेल, ती पावतीसुद्धा याच फाईलमध्ये लावा.

पोहेजलेबी:
एफडीच्या पावत्या न बघता फाडू नका हं. प्रत्येकीची रक्कम पासबुकात जमा झालेली दिसली की मगच. दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, पण हक्क बुडत नाही, मागता येते. उद्गम नावाच्या पोर्टलवर बऱ्याच बँकांमधल्या अशा ठेवी नावाने शोधता येतात.

पेटीच्या तळाशी शेअर सर्टिफिकेटं असतील तर तीही बघा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. तिथूनही परत मिळतात, पण खेटे घालावे लागतात. बाबांची सही चालते आहे तोवर हे काम उरका.

दवाखान्याची बिलं एक वेळ जाऊ द्या, डिस्चार्ज कार्डं सगळी ठेवा. डॉक्टरलाही लागतात, विमावाल्यालाही.

जुनी_इंदौर:
आणि पॅन, खातेनंबर असलेले कागद अटालेवाल्याला तसेच देऊ नका, त्याच कागदाच्या पुड्या बांधल्या जातात. रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी हाताने लगदा होतो. आमची आजी त्यात मेथी वाटून घालून टोपल्या करायची. तुमच्या आईंनाही येत असतील.

बाबांचं म्हणाल तर टाकायचं काय हे त्यांना विचारूच नका. "२००६ ची फाईल लावून द्या, व्हॅल्युअरला दाखवायचीय" असं काम द्या.

(धागाकर्ती):
दिलं. काल संध्याकाळपासून चष्मा लावून बसलेत. सरियाची बिलं सापडली, पासबुकही सापडलं, दोन चेकच्या नोंदी पेन्सिलीने खुणा केलेल्या आहेत. लाइटबिलांच्या तारेला परवानगी मिळाली. एटीएमच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर अजून बोलणी चालू आहेत.

ताळेबंद काका, व्हॅल्युएशन आत्ताच करून घ्यावं की गिऱ्हाईक ठरल्यावर?

ताळेबंद:
गिऱ्हाईकाची वाट बघू नका. सौदा ठरला की पंधरा गोष्टी अंगावर येतात. नकाशा आणि रजिस्ट्रीची झेरॉक्स घेऊन आत्ताच जा, मूळ प्रत कोणाच्या हाती देऊ नका.